धुतल्या पत्र्यावरचा पंजा

मनोहर, तेजाबाच्या हौदावर झाकण न टाकता गेलास. पहिलं भांडण यावरून. बाकीची रांगेत उभी आहेत, एकेक करून घेतो.

तुझी तेरवी आटोपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिंगणा रोडवरच्या आपल्या शेडचं कुलूप काढलं. सुतक तुझ्या घरचं. तू तांडापेठेतल्या कोष्ट्याचा, मी भिवापूरच्या शेतकऱ्याचा, मला ते लागत नाही. पण तुझ्याशिवाय भट्टी पेटवायची कशी, म्हणून मीही शेड बंदच ठेवली होती. दार उघडलं आणि तेजाबाचा वास अंगावर आला. इतके दिवस तो वाफारा आत कोंडून राहिला होता. मला एकदम बेबीच्या कपाटाची आठवण झाली आणि मी आत धावलो.

तुझ्या पोरीच्या आंदणाचं कपाट. पत्रा तू निवडलास, कापून वाकवून तू घेतलास, आणि शेवटच्या दिवशी सगळे सुटे भाग हौदांतून काढून तूच धुतलेस. दारं, बाजू, फळ्या, लॉकर, सगळं रंगाआधीच्या लेपानं राखी होऊन दांडीला टांगलेलं. रंग तेवढा द्यायचा बाकी होता. आता त्या राखीवर जागोजागी तांबूस ठिपके उतरले होते. तेही चाललं असतं. पण डाव्या दारावर, छातीच्या उंचीला, गंजाचा एक पंजा उठला होता. तळवा, बोटं, रेघासुद्धा. करंगळीचं वरचं पेर नव्हतं. कोणाचा हात आहे हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. ते पेर पत्रा कापायच्या मशीननं खाल्लं तेव्हा मीच तुला रिक्षात घालून मेडिकलच्या दवाखान्यात नेलं होतं.

तू, मनोहर? 'धुतल्या पत्र्याले हात लावाचा नाही' म्हणून ज्यानं सगळ्यांना वीट आणला, तो तू? 'पत्रा सोवळ्यात आहे बे, दूर व्हय!' असा ओरडायचास. हाताच्या घामात मीठ असतं, तेलकटपणा असतो, तो धुतल्या लोखंडावर बसला की तिथूनच गंज धरतो, हे तूच प्रत्येक नव्या माणसाला शिकवलंस. एकदा आपल्याकडे आलेल्या सरकारी साहेबांनी कौतुकानं पत्र्यावर बोट फिरवलं, तर तू त्यांच्यादेखत तो पत्रा काढून पुन्हा हौदात सोडलास. साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

त्या शेवटच्या संध्याकाळचं मी पुन्हा पुन्हा आठवून बघतो. खुर्चीवर बसलो की उठतो, उठलो की हौदापर्यंत जाऊन परत येतो. घरी जेवायला बसलो तरी तेच. बायको म्हणते, एका जागी बसा हो जरा. कसा बसू?

मी भट्टीचा काटा बघत होतो, पाठ तुझ्याकडे. तू मागून बोलत होतास.

"शंकऱ्या, पोरीच्या कपाटाले मी रंग देईन. ओला रंग. तुही पावडर नाही."

"काहून? पावडरीत का वाईट आहे? सासरी घासलं, आपटलं, तरी निघत नाही."

"निघन त निघन. माह्या हातचा त राहीन."

"हात काय चाटाचा आहे का तिले?"

तू गप्प झालास. मला वाटलं, चिडला. मी वळून बघितलं नाही, कारण मीही चिडलेलोच होतो. थोड्या वेळानं मागून आवाज आला, "उद्या पाहू गा." तू सायकल काढलीस आणि गेलास. सकाळी चहाची बशी तोंडाला लावली आणि संपलास. वहिनी म्हणाल्या, हूं की चूं केलं नाही.

तू गप्प होतास तेवढ्यातच तो पंजा उठला असणार. म्हणून विचारतो. तू टेकला होतास की थोपटत होतास? छातीत कळ आली आणि समोर जे होतं त्याचा आधार घेतलास? की पोरीचं कपाट, एकदा हात फिरवावासा वाटला, आणि सोवळं-ओवळं विसरलास? मी दाराजवळ उभा राहून किती वेळ बघितलं. मनगटाजवळ गंज जास्त गडद आहे, म्हणजे हातावर भार होता. पण तुझं थोपटणंही धपाट्यासारखंच असायचं. तू पाठ थोपटलीस की माणूस दोन पावलं पुढे जायचा. आता यावरून काय ठरवू?

दुखत होतं तर बोलायचं होतंस ना गा. भांडण काय, पळून जात होतं का?

आपलं तर सगळं भांडणावरच चाललं होतं. आपली ओळखच त्यावर झाली. तेव्हा आपण दोघंही दुसऱ्याच्या कारखान्यात लोखंडी कपाटं रंगवत होतो. तुझा बाप जन्मभर सुताला खळ लावत आला. गल्लीत ताणा पसरायचा आणि लांबलचक कुंचा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, खळ कुठं जास्त नाही, कुठं कमी नाही. तू म्हणायचास, "बापानं सुताले खळ लावली, मी लोखंडाले रंग लावतो. हात तोच." आणि होता खरा. तुझ्या फवाऱ्याखालून दार निघालं की त्यात तोंड बघून भांग पाडावा.

पण तुझं एक खूळ होतं, हात दिसला पाहिजे. महाल भागात एका लग्नाला गेलो होतो, आठवतं? पंगत बसली आणि तू गायब. शोधत गेलो तर यजमानांच्या आतल्या खोलीत कपाटासमोर उकिडवा बसलेला. घरातल्या बाया दारात उभ्या, त्यांना वाटलं चोर आहे. तू खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत म्हणालास, "हे पाय, फवारा उचलतानं मी असा डावीकडे नेतो. माह्या हातचं आहे हे कपाट." मला त्या कोपऱ्यात काही म्हणता काही दिसलं नाही. पण तुझं तोंड असं झालं होतं, की दुसऱ्याच्या घरात आपलंच पोरगं सापडलं. वर जेवणात जिलबी संपली होती, ती तुझ्यामुळे.

माझं म्हणणं उलटं. चांगल्या कामात हात दिसायलाच नको. कोणी केलं हे कळलंच नाही पाहिजे. म्हणून तर पावडर कोटिंगचं यंत्र पुण्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी वेडा झालो. रंग ओला नाही, पातळ नाही, पिठासारखी कोरडी पावडर. गनमधून विजेचा भार घेऊन उडते आणि अर्थिंग दिलेल्या पत्र्याला आपोआप जाऊन चिकटते. मग भट्टीत वितळून एकजीव होते. ओघळ नाही, ब्रशचा केस नाही, वास नाही. मी परत येऊन तुला सांगितलं तर तू म्हणालास, "पावडर तोंडाले लावते, शंकऱ्या. लोखंडाचं लगन आहे का?"

तरी तू माझ्यासोबत आलास. हे मी तुला कधी बोललो नाही, आज बोलतो. तुझा विश्वास पावडरीवर नव्हता, माझ्यावर होता. घरात पोरगी वाढत होती, हातात चालू काम होतं, ते सोडून तू या टिनाच्या शेडमध्ये आलास आणि पहिल्या दिवसापासून भांडायला लागलास.

पहिलं खोकं उघडलं तर लाल रंग. तू चिमूट नाकाशी नेलीस आणि सटासट शिंकलास. "हे तं तुमच्या भिवापूरचं तिखट होय बे! लोखंडाले फोडणी देतं का?" पहिलं दार मी फवारलं. तू बोटानं एक रेघ ओढून दाखवलीस, "पाय, पुसून जाते. याले रंग म्हणते का?" दार भट्टीतून निघालं, थंड झालं. तू खिशातून किल्ली काढलीस आणि खरवडलं. एकदा, दोनदा, मग दात-ओठ खाऊन. ओरखडा उठला नाही. तू किल्ली खिशात टाकलीस आणि म्हणालास, "किल्ली बोथट आहे."

भट्टी ऐन तापात आली की वीज जायची. माल अर्धा कच्चा आत अडकायचा आणि मी कपाळाला हात लावून बसायचो. तू बिडी पेटवून बाहेर दगडावर बसायचास आणि मोठ्यानं म्हणायचास, "वीज आपल्या कोराडीची, राख आपल्या पोटात, अन् अंधारही आपल्याच नशिबी! माहा ब्रश नाही बाप्पा कोराडीवर चालत." मला तेव्हा तुझा गळा आवळावासा वाटायचा. आता वीज गेली की मी त्या दगडाकडे बघतो.

आणि ते कूलर. उन्हाळ्याच्या तोंडावर आपण कूलरचे ढाचे केले आणि पाणी लागल्याबरोबर त्यांची पावडर पापडासारखी सुटली. गिऱ्हाइकं दारात उभी. मी वाट बघत होतो की आता तू म्हणशील, 'मी म्हणलं होतं ना.' तू ते म्हणालाच नाहीस. सुटलेला एक तुकडा उलटा करून नखानं खरवडलास, जिभेला लावलास आणि थुंकलास. "तुह्या गनची चूक नाही. पत्रा नीट धुतला नाही, खाली तेल आहे." त्या दिवसापासून हौद तुझे झाले. तेल काढायचं, पाणी, तेजाब, पुन्हा पाणी, मग तो राखी लेप, पुन्हा पाणी. कोणाला फिरकू दिलं नाहीस. ज्या कामावर विश्वास नाही त्याचा पाया तू घालत राहिलास आणि वर मी पावडर उडवून शहाणा ठरलो.

धरमपेठच्या त्या बाईंचा किस्सा मात्र मी सोडणार नाही. त्यांना कपाट पोपटी पाहिजे होतं, ब्लाउजपीसचा तुकडाच घेऊन आल्या होत्या. खोक्यात पोपटी नव्हता. मी म्हणालो, नाही होणार. तू जन्मभर डब्यात डबा ओतून रंग जमवलेला माणूस, तू म्हणालास, त्यात का आहे? मी जेवायला गेलो तेवढ्यात तू पिवळी आणि निळी पावडर परातीत कालवलीस, अगदी भाकरीचं पीठ मळावं तशी, आणि फवारून भट्टीत टाकलीस. पावडरीचे कण रंगासारखे एकमेकांत मिसळत नाहीत हे तुला कोण सांगणार! कपाट निघालं ते पिवळं, त्यावर निळे ठिपके. तू त्याच्यासमोर उभा, हातात परात. मी हसून हसून खाली बसलो. "कोणत्या कोंबडीचं अंडं होय हे?" तू मला परात फेकून मारलीस. ते कपाट बाईंना कसं देणार? आपल्याच कोपऱ्यात राहिलं. तुझे ब्रश, तुझे डबे, तुझी बिडीची बंडलं त्यात.

अजून आहेत. काल उघडलं तर तुझाच वास.

हां, तर कपाट. मी सकाळभर शेडमध्ये चकरा मारल्या. पंजाकडे बघायचं नाही म्हणून हौदाकडे जायचो आणि परत त्याच्याचसमोर येऊन उभा राहायचो. दुपारी बेबी आली. तिच्या होणाऱ्या सासरच्या, उमरेडच्या मंडळींचा निरोप होता. लग्न वर्षाच्या आत उरकायचं तर ठरलेल्या तिथीलाच करू, वाजंत्री नको, मांडव छोटा. वहिनींनी तिला विचारायला पाठवलं होतं, कपाटाचं कसं? ती आत आली, दारासमोर थांबली. करंगळी बघितली. पदर तोंडाला लावला. मी पाण्याचा ग्लास आणून दिला, तो तिनं तसाच हातात धरला.

मग म्हणाली, "काका, याच्यावर रंग बसन का?"

"बसन. पहिल्या वर्षी कोणाले कळणारही नाही. मंग खालून गंज फुगन, अन् तेवढ्या जागेचा रंग पापडासारखा निघन."

"बाबा का म्हणले असते?"

"मले शिव्या दिल्या असत्या, वं."

"मंग घासा." ग्लास खाली ठेवला आणि हात पुढे केला. "नाही तं मी घासतो."

"हात नको लावू!" मी ओरडलो. एवढ्या जोरात की तीही दचकली आणि मीही. मग दोघंही हसलो, कारण तो तुझा आवाज होता.

तेव्हा मी तिला ते विचारलं. मला विचारल्याशिवाय राहवेना. "बेबी, बाबाच्या छातीत दुखत होतं का? घरी कधी बोलले का?"

"नाही, काका. पण इतक्यात रोज घरात येतानं दाराच्या चौकटीले हात लावून उभे राहत. आई म्हणे, काहून थांबले? तं म्हणत, काही नाही, घर पाहून राहिलो."

उत्तर हाती आलं असं वाटलं, आणि तिथेच पुन्हा निसटलं. घर बघत होतास? का श्वास घेत होतास? वहिनींनाही तू फसवलंस की खरंच सांगितलंस? मनोहर, तुझ्यावर इतका राग मला त्या परातीच्या दिवशीही आला नव्हता.

बेबी गेल्यावर मी बारीक पॉलिश पेपर घेतला. तसं, दार नुसतं तेजाबात सोडलं असतं तरी काम झालं असतं. हौदात टाकायचं, पाठ फिरवायची, काढलं की पत्रा स्वच्छ. पण तुझा हात तेजाबानं खावा हे मला सोसलं नाही. मी स्टूल घेऊन बसलो आणि हातानं घासला. आधी तळवा. मग बोटं. करंगळी लवकर गेली, ती होतीच किती! आणि घासता घासता मी रडलो, हे सांगायला मला लाज नाही. स्मशानात आलं नव्हतं, तेरवीच्या पंगतीत आलं नव्हतं, पाट्यावर वाटल्यासारखा पेपर फिरवताना आलं. पाणी पत्र्यावर पडू नये म्हणून तोंड बाजूला करून रडलो. तू असतास तर तेवढंच बघितलं असतंस.

मग सगळे भाग पुन्हा हौदांतून काढले, तुझ्या क्रमानं. तेजाबाच्या हौदावर झाकण टाकलं. दुसऱ्या दिवशी गन मी धरली. बेबीनं खोक्यांतून आकाशी निवडला होता, तो दिला. भट्टी तापली आणि काय सांगू, वीज एकदाही गेली नाही. तू वर जाऊन पहिलं काम तेच केलंस की काय?

दारं अशी निघाली की बोलायची सोय नाही. लॉकर मात्र निघाला तो कोपऱ्यांत उघडा. पत्रा दिसत होता. विजेची ओढ कडांकडे जास्त असते, पावडर तिकडेच जाऊन बसते आणि आतला कोपरा उपाशी राहतो. "कोपऱ्यात तुही पावडर जात नाही, शंकऱ्या," हे तू किती वेळा म्हणालास आणि मी किती वेळा म्हणालो, कोपऱ्यात कोण बघते! कोपऱ्यात तू बघायचास. प्रत्येक लॉकर जायच्या आधी तू आत डोकं घालून ब्रशनं कोपरे भरायचास, न बोलता.

मी त्या अंड्याच्या कपाटातून तुझा ब्रश काढला. आणि तिथेच तो छोटा डबा होता. पोरीच्या कपाटासाठी तू माझ्यादेखत कालवलेला डाळिंबी. त्या दिवशी मी तोंड वाकडं केलं होतं, म्हणून झाकण लावून आत ठेवलास. उघडला. वर साय धरली होती, ती काढली तर खाली रंग अजून जिवंत. म्हटलं, नुसते कोपरे कशाला? लॉकर आतून सगळाच डाळिंबी केला. पोरगी दागिने काढून ठेवेल तर बापाच्या रंगात ठेवेल.

आणि काय झालं असेल? ओघळ आला. मागच्या डाव्या कोपऱ्यात, चांगला गव्हाच्या दाण्याएवढा. माझा हात तुझा नाही, जन्मभर गन धरलेला माणूस मी, ब्रश काय चालवणार! पुसायला चिंधी उचलली आणि ठेवून दिली. हात दिसला पाहिजे म्हणत होतास ना? घे, दिसतो आहे. वाकडा आहे, माझा आहे. उमरेडला कोणी तुझ्यासारखा उकिडवा बसून शोधलाच, तर त्याला सापडेल. एवढ्यापुरता तू जिंकलास. बाहेरून मी जिंकलो आहे, ते विसरू नको.

आज सकाळी टेम्पो आला. कपाट जोडून वर चढवलं, दोऱ्या आवळल्या, मध्ये गोधड्या घातल्या. वहिनी आल्या होत्या, त्यांनी दाराला हळदकुंकू लावलं आणि बाजूला झाल्या. ड्रायव्हर म्हणाला, "चलू का, भाऊ?" मी म्हणालो, "थांब जरा." मी मागे चढलो आणि डाव्या दारावर, त्याच जागी, हात ठेवून उभा राहिलो. ड्रायव्हर घाई करत होता. तुझ्याशी भांडायला मी वर येईन तेव्हा तूही मला विचारशील, शंकऱ्या, टेकला होतास की थोपटत होतास? मला नाही सांगता येणार गा.

मग हात उचलला. पावडरच आहे ती, आकाशी दारावर काही राहिलं नाही.